काकांची फुगवायची खोली

अवकाशात माणसांनी राहायचं कसं, हा प्रश्न आख्ख्या भाईंदर पूर्वेत आजवर एकाच माणसाने सोडवला आहे, आणि तो आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर, वन रूम किचनमध्ये राहत होता. हे मी थट्टेने लिहीत नाही. थट्टा करायची तेव्हा भरपूर करून झाली. एकदा तर पत्रक छापून केली. आमची रहिवाशांची समिती पाच जणांची, त्यातले दोघे कायम गावाला गेलेले, पण पत्रकं मात्र आम्ही पाच हजार माणसं पाठीशी असल्याच्या थाटात काढायचो. खारी गावातल्या एका छापखान्यात पिवळ्या कागदावर छापायची आणि केबिन रोडवर भाजीवाल्यांच्या गर्दीत उभं राहून वाटायची. पाणी, गटारं, बिल्डरांची मुजोरी. लिहायची मी, आणि छापायच्या आधी वाचायचे ते वरचे काका. माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहायचे म्हणून वरचे. त्यांचं नाव इथे देत नाही, कारण दिलेलं त्यांना आवडणार नाही. आणि आमच्या भागात नावाची गरजही नाही. "ते हवावाले ना?" असं म्हणून कुणीही जिना दाखवायचं.

काकांची उमेदीची वर्षं मुंबईतल्या एका कारखान्यात गेली. तिथे जहाजांसाठी रबरी तराफे बनायचे. एरवी पिंपात घडी घालून पडलेले, आणि जहाज बुडायला लागलं की दोरी ओढताच फुगून दहा-बारा माणसांना पोटात घेणारे. कारखाना बंद पडला. कारखाने कसे आणि कुणाच्या सोयीने बंद पडतात यावर माझ्याकडे तीन पत्रकं तयार आहेत, पण आज विषय तो नाही. काकांनी केबिन रोडच्या मागच्या गल्लीत एका जिन्याखाली दुकान थाटलं. वाढदिवसाला पोरं ज्यावर उड्या मारतात ते हवेचे किल्ले, पोहायच्या रिंगा, आजारी माणसांच्या हवेच्या गाद्या, फाटके रेनकोट. ज्यात हवा राहायला हवी आणि पाणी शिरायला नको, अशी प्रत्येक वस्तू त्यांच्याकडे यायची. आणि प्रत्येक वस्तूवर त्यांचा पहिला उपाय एकच. साबणाचं पाणी. "भोक डोळ्याला दिसत नाही," ते सांगायचे, "हवा जाताना सांगून जात नाही. साबणाचं पाणी फिरवायचं आणि गप्प बसायचं. बुडबुडा आला की समजायचं, चोर सापडला."

ही तपासणी ते फक्त रबरावर करत असते तर मी हे लिहायला बसले नसते. ते ती जगावर करायचे. सोसायटीच्या वार्षिक सभेत आमचे सेक्रेटरी मेहताभाई अहवाल वाचत होते. काका पहिल्या रांगेत डोळे मिटून बसले होते. सगळ्यांना वाटलं झोपले. टाकीच्या दुरुस्तीचा परिच्छेद आला तसे डोळे न उघडता म्हणाले, "मेहताभाई, इधर बुडबुडा आया. जरा फिरसे पढो." मेहताभाईंनी तो परिच्छेद चार वेळा वाचला आणि चौथ्या वेळी स्वतःच खाली बसले. माझ्या पत्रकांचंही तेच. "काय पुढारी, आज कुणाचा निषेध?" म्हणत चष्मा लावायचे, मजकुरावरून तर्जनी फिरवायचे, आणि एखाद्या ओळीवर बोट थांबायचं. "इथून हवा जातेय." तिथे हमखास माझा सगळ्यात आवडता शब्द असायचा. तमाम, समस्त, सर्वच्या सर्व. "तुझा राग खरा आहे गं," ते म्हणायचे, "पण 'सर्व' लिहिलंस की शिवण ढिली पडते. कोण ते नेमकं लिही." मी मान डोलवायची आणि छापखान्यात जाऊन 'सर्व' तसाच ठेवायची. नेमकं लिहून कधी मोर्चा निघालाय का?

त्यांच्या घरात कापूस नावाला नव्हता. उशा हवेच्या, गाद्या हवेच्या, पाहुणा आला की पायाने पंप मारून त्याचा बिछाना तयार व्हायचा आणि पाहुणा गेला की वीतभर घडी होऊन पलंगाखाली जायचा. काकू म्हणायच्या, "माझ्या वडिलांनी चौकशी करून दिलं हो मला. मुलगा कारखान्यात आहे, हवेत इमले बांधणारा नाही!" पण हे सगळं विक्षिप्तपणातून आलेलं नव्हतं, एवढं मला खाली राहूनही कळत होतं. ते जागेतून आलेलं होतं. गिरगावातल्या दहा बाय दहाच्या खोलीतून माणसं मोकळी जागा मिळेल म्हणून भाईंदरला आली, आणि इथे त्यांना दहा बाय बारा मिळालं. वर एक गॅलरी, जिच्यात माणूस उभा राहतो किंवा कपडे वाळतात, दोन्ही एकदम नाही.

या घरात त्यांच्या निलेशचं लग्न झालं. सूनबाई वृषाली, डोंबिवलीची, हसरी पोरगी. लग्नानंतर रात्रीची व्यवस्था अशी ठरली की बाहेरची खोली नव्या जोडप्याला, काकू स्वयंपाकघरात ओट्याखाली पाय घालून, आणि काका गॅलरीत, हवेच्या गादीवर, पाय दुमडून. सगळे एकमेकांना इतके जपायचे की बघणाऱ्याचा जीव घुसमटावा. वृषाली पाणी प्यायला उठायची नाही, सासूबाईंची झोप मोडेल म्हणून. काका खोकायचे नाहीत. आठ महिन्यांनी निलेशने नालासोपाऱ्याला भाड्याने खोली घेतली. भांडण नाही, शब्दाने शब्द नाही. दारात एवढंच म्हणाला, "बाबा, जागा नाही हो." काका म्हणाले, "बरोबर आहे." आणि त्याच्या बॅगेची चेन नीट लागत नव्हती ती साबण लावून सरळ करून दिली. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. जागेशी कसं भांडणार?

मग दोन हजार सहाच्या पावसाळ्यात पेपरात ती बातमी आली. अमेरिकेतल्या कुठल्याशा खासगी कंपनीने फुगवायची खोली रॉकेटमधून वर सोडली होती. जाताना घडी केलेली, वर गेल्यावर फुगलेली. अजून आत कुणी नाही, ही चाचणी. पण पुढे अशाच खोल्या जोडून अवकाशात हॉटेल काढणार, हौशी प्रवासी तिथे राहून पृथ्वी बघणार. काकांनी ते कात्रण देव्हाऱ्याशेजारी चिकटवलं. काकू म्हणाल्या, "अहो, निदान गणपतीच्या खाली तरी लावा," म्हणून मग खाली लावलं. आणि काका जिना उतरून माझ्याकडे आले, तसे ते कधी येत नसत, मीच वर जायची. म्हणाले, "बघितलंस? तराफाच आहे. आपला तराफा. फक्त समुद्र वेगळा."

मी काय केलं असेल? मी पत्रक काढलं. 'अंतराळात हॉटेल, भाईंदरमध्ये हंडा!' ज्यांची पृथ्वीवर चार-चार घरं आहेत त्यांना पाचवं आकाशात हवंय, आणि ज्याला पहिलं मिळालेलं नाही त्याने मान वर करून टाळ्या वाजवायच्या, अशा अर्थाचं. त्यातल्या एका शब्दाबद्दलही मला आज पश्चात्ताप नाही. काकांनी ते शांतपणे वाचलं, बोट कुठेही थांबलं नाही, आणि म्हणाले, "पक्कं आहे. कुठून हवा जात नाही." मी खूश. तर पुढे म्हणतात, "पण त्यांनी खोली फुगवली का, ते तू विचारलं नाहीस. वर तर जागाच जागा. मग लोखंडाची का नाही नेली? कारण रॉकेटचं तोंड अरुंद. आपल्या जिन्यासारखं. जिन्यातून कपाट चढत नाही म्हणून आपण गॅलरीतून दोरीने चढवतो. त्यांना गॅलरी नाही. म्हणून घडी." मग हळूच, जणू माझं गुपित मलाच सांगताहेत अशा आवाजात, "पुढारी, जागा मिळत नसेल तर फुगवता येते. श्रीमंतांनी शोधली म्हणून काय झालं? आपण वापरू नये असं थोडंच आहे?"

तेव्हा मला त्यांचा बेत कळला. गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, निलेश आणि वृषालीसाठी खोली. वृषालीला दिवस गेले होते, आणि मूल जन्माला यायच्या आत ती दोघं घरी परत यावीत, याखेरीज काकांना या पृथ्वीवर किंवा पृथ्वीबाहेर काही नको होतं.

ते दुकानात बसून तुकड्या-तुकड्याने ती शिवत होते. जुन्या तराफ्यांचं कापड, ट्रकच्या ट्यूबा, किल्ल्यांच्या फाटक्या भिंती. कात्रणातल्या चित्राचा त्यांनी असा अभ्यास केला होता की ती अमेरिकेतली मंडळी आली असती तर चार गोष्टी विचारून गेली असती. "फुगा का फुटतो? त्याला बाहेरून धरणारं कुणी नसतं म्हणून. आत फुगा, बाहेर जाळं. जोर जाळ्याने घ्यायचा, हवा फुग्याने धरायची." आता जाळं म्हटल्यावर ते थेट मोरव्याला गेले, एका म्हाताऱ्या कोळीदादांकडे, आणि मला बरोबर नेलं, कारण त्यांच्या मते माझा आवाज ऐकला की माणूस नाही म्हणत नाही. कोळीदादांनी माप ऐकलं, आडव्या पिंपासारख्या, खोलीएवढ्या जाळ्याचा आकार हवेत काढून बघितला आणि विचारलं, "ह्यात मासा कंचा धरायचा हाय?"

"मासा नाही. माणसं."

"माणसं?" कोळीदादा हसले. "मानूस न्हाय ऱ्हात जाल्यात, काका. त्याला यायचा आसंल तं येतो."

पण जाळं विणून झालं. कोळीदादांनी गाठी अशा मारल्या की काकांनी त्यांवर साबणाचं पाणी फिरवलंच नाही. हा त्यांच्या दृष्टीने परमोच्च सन्मान.

जानेवारीत खोली गच्चीवर उभी राहिली. केशरी, गोलसर, दोन बाजूंना झडपांच्या खिडक्या, खाली जाड बूड, आणि भिंती अशा की हात टेकवला तर त्या परत हलकेच हात टेकवतात. मेहताभाई धापा टाकत वर आले. "काका, ये बांधकाम के लिए परमिशन?" काका म्हणाले, "बांधकाम किधर है? ये सामान है. छत्री को परमिशन लेते क्या?" मेहताभाई खोलीभोवती दोनदा फिरले, आत डोकावले, बसून बघितलं, आणि बाहेर येऊन म्हणाले, "मस्त है. पण मैने देखा नहीं." शनिवारी निलेश आणि वृषाली बघायला येणार होते. काकूंनी आत सतरंजी घातली, उशाशी तांब्या ठेवला. काका दाढी झाली आहे ना ते सकाळपासून चार वेळा चाचपत होते.

दुपारी दोघं आली. वृषालीला सातवा महिना. चार जिने चढून गच्चीवर आली, आत शिरली, "बाबा, किती थंडगार आहे हो," म्हणाली, जरा पडते म्हणून आडवी झाली, आणि पाच मिनिटांत गाढ झोपली. निलेश बाहेर टाकीला टेकून उभा होता. काका त्याच्याकडे बघत होते, पण विचारत नव्हते. निलेश उत्तर जुळवत होता हे मलाही दिसत होतं. त्याने "बाबा..." म्हणून तोंड उघडलं आणि तेवढ्यात जिन्यात बुटांचे आवाज आले.

पालिकेचं पथक. पुढे हातात फाइल घेतलेले साहेब, मागे घणवाले पाच-सहा जण. "गच्चीवर बेकायदा निवारा आहे, हटवायचाय."

मी पुढे झाले. ज्या क्षणासाठी मी जन्माला आले तो हाच, असं मला वाटलं. "कुणाच्या सांगण्यावरून? तक्रार कुणाची? कागद दाखवा!"

साहेबांनी फाइल उघडली. "तुमचीच आहे मॅडम."

दिवाळीत मी एक अर्ज दिला होता. समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर बिल्डरच्या माणसाने पत्र्याची खोली ठोकून भाड्याने दिली होती, तिच्याविरुद्ध. तेव्हा काकांची खोली पिशवीत होती. अर्ज लिहिता लिहिता माझा हात तापला आणि शेवटी मी लिहिलं: 'तसेच परिसरातील सर्व गच्च्यांवरील सर्व निवारे तात्काळ हटवण्यात यावेत.' पथक आलं त्या दिवशी समोरच्या गच्चीला कुलूप होतं. आमची उघडी होती.

काकांनी अर्ज मागून घेतला. चष्मा लावला. तर्जनी ओळींवरून खाली आली, माझ्या सहीच्या जरा वर थांबली, आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. 'इथून हवा जातेय' असं म्हणाले असते तर बरं झालं असतं.

निलेश कुजबुजला, "बाबा, हवा सोडा. पाच मिनिटांत घडी होईल, काही उरणारच नाही." आणि खरंच, हीच तर त्या खोलीची सगळी युक्ती होती. पण काका दाराच्या झडपेसमोर जाऊन उभे राहिले.

"आत माणूस आहे," ते म्हणाले. "आत माणूस असताना हवा सोडत नाहीत. समुद्रात नाही, वरती नाही, इथेही नाही."

"अहो आजोबा, मग त्यांना उठवा ना," साहेब म्हणाले.

"सातवा महिना आहे. जागी होईल तेव्हा होईल. मग मी स्वतः काढतो, तुम्हाला घण उचलावा लागणार नाही. तोवर थांबा."

साहेबांनी झडप बोटभर बाजूला करून आत बघितलं. मग झडप होती तशी नीट लावली, वळले, आणि माणसांना इतक्या हळू आवाजात म्हणाले की मला ओठांवरून वाचावं लागलं, "घण खाली ठेवा. आवाज नको." त्या माणसांनी घण असे ठेवले की काचेचे असावेत. काकूंनी खालून चहा आणला. मग आम्ही सगळे, पथक, मेहताभाई, निलेश, मी, टाकीच्या सावलीत पाय दुमडून बसलो आणि सव्वा तास कुजबुजत राहिलो. एका घणवाल्याने विचारलं, "काका, ये अंदर हवा कितना दिन रहता है?" काकांनी त्याला जमिनीवर बोटाने चित्र काढून फुगा, जाळं, रॉकेटचं तोंड, सगळं समजावलं. साहेबही वाकून बघत होते. माझ्या आयुष्यातली सगळ्यात शांत कारवाई. मी मात्र तोंड खाली घालून बसले होते.

वृषाली बाहेर आली, डोळे चोळत. समोर आठ-नऊ पुरुष आणि घणांची रांग बघून ती दचकली नाही. पदर सारखा करून म्हणाली, "आई, चहा ठेवू का सगळ्यांना?" आणि मग काकांकडे वळून, "किती महिन्यांनी अशी झोप लागली, बाबा."

काकांनी वाकून बूच काढलं. हवा जायला लागली तसा एक लांब उसासा ऐकू आला, तो खोलीचाच होता असं आपण धरून चालू. भिंती सावकाश बसल्या, जाळं सैल पडलं, निलेशने दुसरं टोक धरलं आणि बापलेकांनी चादरीसारखी घडी घातली. साहेबांनी कागदावर लिहिलं: गच्चीवर बांधकाम आढळून आले नाही. पण मेहताभाईंना यापुढे 'देखा नहीं' म्हणता येणार नव्हतं. खोली पुन्हा वर चढणार नाही, हे सगळ्यांना कळलं होतं.

ते गेल्यावर मी काकांना म्हटलं, "काका, चुकलं माझं." ते पिशवीचे बंद बांधत होते. म्हणाले, "तुझं नाही. माझी पण शिवण चुकली. मी खोली इथे फुगवली, कारण मला त्यांना इथे आणायचं होतं. पण ही कुठेही नेता येते म्हणून तर घडीची असते. जिथे माणसं आहेत तिथे न्यायची." आणि निलेशकडे न बघता विचारलं, "तुमच्या मागे अंगण आहे ना रे?"

निलेशने मघापासून अडकलेलं वाक्य तेव्हा कुठे पुरं केलं. "बाबा, तेच म्हणत होतो. आम्ही इथे येणार नाही. पण तुम्ही या ना."

चैत्रात काका-काकू नालासोपाऱ्याला गेले, बाळंतपणापुरते म्हणून, आणि तिथलेच झाले. वरच्या घरात आता भाडेकरू आहेत. त्यांच्या पंख्याचं घरघरणं मला ऐकू येतं, पंप मारल्याचा आवाज येत नाही. माझी पत्रकं चालू आहेत. छापायला देण्याआधी मी त्यांवरून स्वतःचंच बोट फिरवते. ते थांबायला हवं तिथे दर वेळी थांबतं असं नाही.

एकदा त्यांच्याकडे जाऊन आले. अंगणात पेरूच्या झाडाखाली ती केशरी खोली होती, उन्हाने जरा फिकी पडलेली, आणि काका झडपेशी स्टूल टाकून बसले होते. मी फाटकातून नेहमीच्या आवाजात "काका!" म्हणणार, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आत नात झोपली होती. मी चपला हातात घेतल्या, त्यांच्याशेजारी जाऊन बसले. बऱ्याच वेळाने त्यांनी हळूच सांगितलं की अमेरिकावाल्यांनी दुसरी खोलीही वर सोडली आहे. दोन्ही फिरताहेत. राहायला मात्र अजून कुणी गेलेलं नाही.

"रिकाम्याच?" मी कुजबुजले.

"रिकाम्याच," ते म्हणाले. त्यांना त्या खोल्यांबद्दल खरोखर वाईट वाटत होतं. मग त्यांनी हात मागे नेऊन भिंतीवर टेकवला, आतून ती भिंत जराशी हलली, पोरीने कूस बदलली असावी, आणि आम्ही दोघं श्वास धरून, ती पुन्हा झोपेपर्यंत, तसेच बसून राहिलो.